पॉइंट पाचचा बर्फ

बाटलीच्या लेबलावर माशाचं खवल चिकटलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, चंदेरी, कडेला करडी झाक असलेलं.

बाटली पॉइंट एकची होती. पॉइंट एक म्हणजे रोह्याच्या वरच्या अंगाला, जिथे कुंडलिकेचं पाणी अजून गोडं असतं. खवल मात्र जिताड्याचं होतं, आणि एवढा मोठा जिताडा आमच्याकडे खाडीत किंवा खाडीकाठच्या खारट खाजणातल्या तलावात मिळतो, नदीत नाही. मी रोह्याजवळच्या वरशाची. आई मासे साफ करायला बसली की शेजारी बसून खवलं मोजण्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे ओळख पटवायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. तरी मी ते त्याखाली धरलं. लॅबमधल्या त्या सूक्ष्मदर्शकाला वर्षभरात तेवढंच काम मिळालं असावं.

आमची लॅब पेणमध्ये, गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. दाराशी मोठी पाटी, पाटीवर हिरवं पान आणि पानावर पाण्याचा थेंब. आत भिंतीवर चार प्रमाणपत्रं, त्यातल्या दोनांची मुदत चालू. काम कंत्राटाचं. दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी नदी आणि खाडीच्या पाच ठिकाणांहून पाणी आणायचं आणि त्यात अकरा सेंद्रिय रसायनं आहेत का ते बघायचं: फिनॉल, टोल्युइन, क्लोरोबेंझीन आणि त्यांची भावंडं. त्यासाठी एक महागडं यंत्र होतं. पाण्यातलं एकेक रसायन वेगळं काढून त्याचं नाव आणि मात्रा सांगणारं. यंत्र चांगलं होतं. लॅबमध्ये चांगलं म्हणावं असं तेवढंच.

मी एम.एस्सी. होऊन तिथे लागले त्याला तीन महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात मी जुने अहवाल काढून वाचले, कारण मला वाटलं होतं की नोकरीत असं करतात. तीन वर्षं, छत्तीस महिने, पाच ठिकाणं, अकरा रसायनं. एक हजार नऊशे ऐंशी रकाने, आणि प्रत्येक रकान्यात एकच उत्तर: 'आढळले नाही'. एवढी शुद्धता आमच्या डिस्टिल्ड वॉटरमध्येही नव्हती. तिथे निदान गणपतीच्या रंगाचा थिनर तरी जिन्यावरून चढून यायचा.

मी हे हैबतराव साहेबांना सांगितलं. ते लॅबचे प्रमुख. माणूस साठीचा, केस काळे, टाय कायमचा बांधलेला आणि नुसता गळ्यात अडकवण्याचा.

"हेच तर आपलं यश आहे, बेटा," ते म्हणाले.

यश मोजायचं काम आमचं होतं, मिळवायचं नव्हतं, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. या यशावर त्यांचा एवढा विश्वास होता की वर्षभराचे कोरे अहवाल त्यांनी सही आणि शिक्का मारून कपाटात रचून ठेवले होते. "निकाल ठरलेलाच असतो. मग सहीसाठी कोणी ताटकळत का बसावं?" पुढे मी फक्त महिना घालायचा, रकाने भरायचे, खाली विश्लेषक म्हणून माझी सही करायची आणि यादीतल्या पत्त्यांवर पाठवून द्यायचं. दोन महिने मी ते केलं. यंत्रावर आलं तेच लिहिलं, म्हणजे काहीच नाही. त्याचा मला फार अभिमान वाटायला नको होता, पण थोडा वाटला होता.

मग ते खवल आलं.

नमुने आणायचं काम ड्रायव्हर पोपटकडे होतं. त्याला त्याचं रीतसर प्रशिक्षण दिलेलं होतं, अर्धा तास. पुढच्या महिन्याच्या मंगळवारी मीही येते म्हणाले, तेव्हा त्याने माझ्या हातातल्या थर्माकोलच्या खोक्याकडे बघितलं.

"हे कशाला, मॅडम? आपली बर्फाची पेटी आहे की."

"माझे जास्तीचे नमुने आहेत."

"जास्तीचे? आहेत त्यातच काही निघत नाही."

खोकं मी बाजारातल्या कोळणीकडून मागून आणलं होतं आणि सोड्याने तीनदा धुतलं होतं. बर्फ माझा, बाटल्या दुप्पट. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड उतरून रोहा. वाटेत मी विचारलं की बाटल्यांत थेंबभर आम्ल टाकायचं असतं, ते का टाकत नाहीत. आम्ल टाकलं की पाण्यातले जिवाणू मरतात आणि ते रसायनं खाऊन टाकत नाहीत, अशी सोपी गोष्ट.

"ते बंद केलं. माझ्या पँटीला भोकं पडली. साहेबच म्हणाले, राहू दे."

तीन वर्षांच्या विज्ञानापेक्षा एक पँट मोलाची ठरली होती. मी वहीत लिहून घेतलं.

पॉइंट एक ते चार काही घडलं नाही. प्रत्येक ठिकाणी मी त्याच्याकडून दोन संच भरून घेतले. एक पोपटच्या पेटीत, एक माझ्या खोक्यात, दोन्हीकडे गळ्यापर्यंत बर्फ. पोपट स्वच्छ काम करत होता, बाटली नीट बुडवत होता, झाकणं घट्ट लावत होता. मला जरा शरम वाटली की मी त्याच्यावर संशय घेतला.

पॉइंट पाच खाडीवर आहे, बांधाला असलेल्या एका उघाडीपाशी. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार. फळ्या उचलल्या की भरतीचं पाणी आत खाजणात शिरतं, टाकल्या की बाहेर राहतं. त्या उघाडीच्या आत सहा घरांचे सहा तलाव आहेत. पहिला हिरामणचा. त्याचं घराणं मिठागरातलं. मिठागरं बसली तसं त्याने जिताडे पाळायला घेतले. ज्येष्ठातल्या अमावास्येच्या उधाणाला उघाडी उघडायची, पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं आत येतात, दोन-तीन वर्षांत ती हातभर होतात.

हिरामण बांधावरच उभा होता. त्याच्यामागे त्याचा तलाव, कोरडा ठणठणीत, तळाला हाताएवढ्या भेगा आणि त्यावर चुन्याची पांढरी पूड.

"पाणी कुठे गेलं?" मी विचारलं.

"सोडून दिला. गेल्या साली मासे काढले, त्यांना घासलेटचा वास. पेणच्या बाजारात बाई टोपलीवर वाकली आणि नाक धरून निघून गेली. तसंच सगळं परत आणला. मंग तलाव उपसला, चार महिने उन्हात भाजला." त्याने खाली थुंकायचं टाळलं, मी असल्यामुळे असेल. "आता अमावास्येला पाणी घ्यायचा. पण तेच पाणी घेतला तर परत तीन वर्षं गेली. म्हणून तुमच्या रिपोर्टाची वाट बघतो, मॅडम. बाकीचे पाच जण म्हणतात, रिपोर्ट चांगला हाय तर तुला काय दुखतंय."

"रिपोर्ट दर महिन्याला येतो ना तुमच्याकडे?"

"येतो की. नाय म्हणून येतो. मासा हाय म्हणतो, कागद नाय म्हणतो."

त्याची बायको इंदुबाई तेवढ्यात घरातून आली. तिच्या दोन्ही हातांवर केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा होता, पाच-सहा किलोचा, डोळे अजून चमकणारे.

"साहेबांना," ती म्हणाली.

"हा तुमच्या तलावातला?"

"नाय गो बाय. आमच्या तलावातला दिला तर साहेब पातेल्यासकट फेकतील. हा माझ्या भावाकडचा, पेणच्या अंगाचा. दर म्हैन्याला आणते. साहेब आपलं काम करतात, त्यांना काय उपाशी ठेवायचं?"

म्हणजे आपलं पाणी घाण आहे हे साहेबांनी शोधावं, म्हणून ती दुसऱ्याच्या स्वच्छ पाण्यातला मासा साहेबांना पाठवत होती. मी यावर काही बोलायच्या आत पोपटने गाडीचं मागचं दार उघडलं, बर्फाच्या पेटीतून सगळ्या बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या, स्टेपनीच्या शेजारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर रचल्या आणि जिताडा बर्फात निजवला. वरून बर्फ थापला. हे त्याने इतक्या सवयीने केलं की शेपटी वळवून बसवायची जागासुद्धा त्याला पाठ होती.

"पोपट, बाटल्या."

"असू द्या ना."

"बर्फात ठेव त्या."

"मग मासा कुठे ठेवू?" त्याने माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं. "मॅडम, मासा नासतो. पाणी थोडंच नासतंय?"

मी त्याच्याशी भांडले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. तीन वर्षांचं कोडं माझ्यासमोर शेपटी वळवून झोपलं होतं. पोपटला मी म्हटलं, तू नेहमी करतोस तसंच कर, काहीही बदलू नकोस.

आणि त्याने बदललं नाही. बाटल्या चाळीस अंशांच्या डिकीत हिंदकळत आल्या. पेणला पोचल्यावर पोपट आधी जिताडा द्यायला साहेबांच्या घरी गेला. तिथे चहा झाला. लॅब तोवर बंद झाली होती म्हणून बाटल्या रात्रभर गाडीतच राहिल्या, तीही नेहमीचीच पद्धत. जे उडून जाणारं होतं ते झाकणाखालून उडालं. जे उरलं ते जिवाणूंनी ऊब मिळाल्यावर खाल्लं. माझं खोकं मी मांडीवर घेऊन आले होते आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं, आईचं दही बाहेर काढून. दह्यावरून आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी मी एक कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिले.

"हे काय आहे?"

"दोन ओळी आहेत, सर. एकच पाणी, एकच वेळ, एकाच हाताने भरलेलं. वरच्या ओळीतल्या बाटल्या बर्फात आल्या. खालच्या ओळीतल्या जिताड्याला जागा करून देऊन आल्या."

वरच्या ओळीत पॉइंट पाचला फिनॉल होतं, क्लोरोबेंझीन होतं, टोल्युइन होतं. पॉइंट दोन आणि तीनला त्याहून जास्त. खालच्या ओळीत तेच ते, आढळले नाही. साहेबांनी आधी खालची ओळ वाचली.

"ही बरोबर आहे."

"का, सर?"

"मागच्या महिन्याशी जुळते."

ते आता वरच्या ओळीकडे वळले. "आणि हे टोल्युइन खालून आलेलं आहे. गणपतीला रंग लागतोय."

"मग ते दोन्ही ओळींत आलं असतं. दोन्ही संच एकाच टेबलावर, एकाच तासात उघडलेत. आणि क्लोरोबेंझीन लावून कोणी गणपती रंगवत नाही."

"तू खाली जाऊन विचारलंस?"

"विचारलं."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते वडीलधारे होत. "बेटा, शास्त्रात सातत्य महत्त्वाचं. तीन वर्षं एक निकाल येतो आणि एक दिवस वेगळा येतो. मग चूक कुणाची?"

"तीन वर्षांची."

"नवीन शिकलेल्यांना असं वाटतं."

"निदान दुसरी पेटी घेऊ या, सर. मासा वेगळा, बाटल्या वेगळ्या."

"दुसरी पेटी घेतली की तपासणीवाले विचारतील, पहिलीत काय चुकत होतं." यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं आणि ते हसले. "खालची ओळ पाठव. आणि जिताड्याचं काही बोलू नकोस. लोक प्रेमाने देतात. नाही म्हटलं की त्यांच्या मनाला लागतं."

खालच्या ओळीवर मी सही करणार नाही असं सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. विश्लेषकाच्या जागीही त्यांनी आपलीच सही केली, एकाच पेनाने, एकाच वळणाची, आणि अहवाल गेला. सही किती हलकी वस्तू आहे हे मला त्या दिवशी कळलं. खाली गणपतीच्या हातात बसवायचे मोदक वाळत घातले होते, ते तरी जड होते.

रविवारी मी रोह्याहून बस धरून खाडीवर गेले. हिरामण आणि इंदुबाई दोघंही घरी होते. मी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. बर्फ, बाटल्या, डिकी, मासा. हिरामण कागदाकडे बघत राहिला. आकडे त्याला वाचता येत होते, पण तो आकडे वाचत नव्हता.

"म्हणजे मी दर म्हैन्याला..." तो म्हणाला.

इंदुबाई हसायला लागली. आधी पदर तोंडावर धरून, मग न धरता. "आमचाच मासा गो, आमच्याच रिपोर्टावर झोपला. आणि तो बी माझ्या भावाचा. भावाला सांगू नको हो, तो फुगेल."

"तुला हसू येतंय," हिरामण म्हणाला.

"रडून तलाव भरंल काय?"

हिरामणने कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. "याच्यावर शिक्का नाय."

"नाही. हा माझा कागद आहे. खरा आहे."

"खरा असंल, बाय. पण आमच्या सहातल्या पुंडलिककाकाकडे तीन वर्षांचे कागद हायत, सगळे शिक्क्याचे. प्लास्टिकात घालून ठेवलेत त्याने. उघाडी सहा जणांची हाय. पाच जण उघडा म्हणतील, मी एकटा फळ्यांवर बसू काय? एकदा उघडली की पाणी माझ्या तलावात पहिलं येणार."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. अमावास्येच्या आधी एकच मंगळवार पडत होता, जूनचा तिसरा. तेव्हा बाटल्या बर्फात येणं आवश्यक होतं. बाकी माझ्या हातात होतं.

"या वेळी मासा देऊ नका," मी म्हटलं.

हिरामणने मान हलवली. "रिकाम्या हाताने गाडी कशी पाठवायची? आणि मी नाय दिला तर ड्रायव्हर पुढच्या गावात थांबंल. साहेबांचा जिताडा कोणाकडून तरी जाणारच. पेटी रिकामी राहायची नाय."

हे मला सुचलं नव्हतं. मी दोन ओळींची तुलना करण्यात हुशार होते, पण ही तिसरी ओळ माझ्या तक्त्यात नव्हती.

इंदुबाई उठून आत गेली आणि पोह्याच्या पापडांचा एक गठ्ठा घेऊन आली. तिने तो माझ्या पुढ्यात ठेवला.

"पापडाला बर्फ लागतो काय गो?"

जूनच्या मंगळवारी पाऊस लागलेला होता. पॉइंट पाचला पोपटने सवयीने मागचं दार उघडलं, पहिली बाटली बाहेर काढली आणि इंदुबाईच्या हाताकडे बघितलं. तिच्या हातात प्लास्टिकमध्ये नीट बांधलेले पापड होते, तीन थप्प्या, वर एक मिरगुंडांची.

"हे काय?"

"साहेबांना. माझ्या हातचे हायत."

"आणि मासा?"

"तलाव कोरडा हाय, डोळ्यांनी बघ. भावाकडचं जाळं फाटलंय. पापड ने. सुनबाई तळून देतील."

पोपट घुटमळला. मी म्हटलं, पापड ओले झाले तर साहेब तुला विचारतील, ते पुढच्या सीटवर ठेव. बरं वाटलं त्याला, कोणीतरी हुकूम दिला म्हणून. दोन हातांनी घेऊन त्याने ते सीटवर ठेवले आणि बाटली परत बर्फात घातली, कारण ती दुसरीकडे कुठे ठेवायचं कारण राहिलं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा पोपटच्या पेटीतून कुंडलिकेचं पाणी थंड बसून पेणला आलं. वाटेतल्या गावात थांबायचं पोपटच्या मनात होतं, पण पापड ओले व्हायची भीती त्याला थांबू देईना. लॅबपाशी बाटल्या मी स्वतः उतरवल्या.

साहेब त्या आठवड्यात पुण्याला होते, एका परिषदेत. विषय होता किनाऱ्याच्या पाण्याची गुणवत्ता, आणि त्यांचं भाषण पहिल्या दिवशी होतं. तीन वर्षांच्या शून्यावर त्यांना अर्धा तास बोलायला मिळालं होतं.

मी यंत्र तीनदा चालवलं. पावसाने पाणी पातळ झालं होतं, आकडे मे महिन्यापेक्षा कमी होते, पण होते. पॉइंट पाच: फिनॉल लिटरमागे चाळीस मायक्रोग्रॅम, टोल्युइन सव्वीस, क्लोरोबेंझीन अठरा. माशाच्या मांसाला वास धरायला असलं मिश्रण पुरतं, असं पुस्तकात आहे. इंदुबाईला ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. मी कपाट उघडलं, सही-शिक्क्याच्या गठ्ठ्यातला वरचा कोरा अहवाल घेतला, जून महिना घातला आणि रकाने भरले. विश्लेषकाच्या जागी माझी सही केली. साहेबांच्या नेहमीच्या पद्धतीत मी काडीचाही बदल केला नाही. यादीतल्या सगळ्या पत्त्यांवर अहवाल गेला आणि एक प्रत मी हाताने नेली.

अमावास्येला दुपारी बारा-साडेबाराला भरती पुरी होते. मी पोचले तेव्हा सहाही जण बांधावर होते, पुंडलिककाका मध्ये, प्लास्टिकातली फाईल काखेत. त्यांनी माझा अहवाल घेतला, फाईलमधला मे महिन्याचा काढला आणि दोन्ही शेजारी धरून बराच वेळ बघितले. आकडे नाही, खालचा कोपरा.

"सही तीच हाय," ते म्हणाले. "शिक्का बी तोच."

"तोच," मी म्हटलं.

"मंग म्हैन्यात पाणी बदललं?"

"पाणी नाय बदललं, काका," हिरामण म्हणाला. "बर्फ बदलला."

मग त्याने सांगितलं. मी सांगितलं असतं त्यापेक्षा कमी शब्दांत, आणि स्वतःला न वगळता. कोणीतरी हसलं. पुंडलिककाका हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडली, बंद केली, परत उघडली. तीन वर्षांचे कागद त्यांनी पावसात, चुलीजवळ, उंदरांपासून जपले होते.

"हे सगळे मासा खाऊन आलेले?"

"सगळे."

"मंग हे ठेवू कशाला?" असं म्हणाले, पण फाईल टाकली नाही. काखेत परत घातली.

उघाडी उघडली नाही.

पाणी फळ्यांपाशी चढत गेलं. बाहेर फळ्यांना लागून पिल्लांचा थवा आला होता, बोटाएवढी, वळवळणारी, आत यायची वाट शोधणारी. दर साली ती इथूनच आत यायची. फळ्यांच्या फटीतून पाण्याच्या बारीक धारा सुटल्या आणि एका धारेबरोबर एक पिल्लू तलावाच्या कोरड्या तळावर येऊन पडलं. हिरामणने ते ओंजळीत उचललं, फळीवरून बाहेर सोडलं आणि मग तो चिखलाचे गोळे करून फटी बुजवायला लागला. बाकीचेही हात लावायला आले. तीन वर्षांचं उत्पन्न बाहेर तरंगत होतं आणि सहा माणसं ते आत येऊ नये म्हणून चिखल थापत होती. माझ्या अहवालाने साधलं ते एवढंच.

माझा फोन वाजला. साहेब.

"हा अहवाल कोणी पाठवला?"

"तुम्ही, सर. सही तुमची आहे."

"तू माझ्या गैरहजेरीत..."

"नेहमीसारखंच केलं, सर. कोणी ताटकळू नये म्हणून."

"उद्या सगळे नमुने परत घ्यायचे. पोपटला पाठवतोय, रिकामी पेटी देऊन. तू जाऊ नकोस." मग जरा खालच्या आवाजात, "आणि त्या बाईला सांग, पापड पाठवू नका. मीठ फार आहे त्यात. मला ब्लडप्रेशर आहे."

मी फोन ठेवला आणि निरोप दिला. अक्षरशः, साहेबांच्या शब्दांत. इंदुबाई फळीशी वाकून चिखल दाबत होती. ती उभी राहिली नाही.

"सांग त्यांना, मीठ आमच्या घरचं हाय," ती म्हणाली. "आणि पोपटला सांग, पाणी भरून ने. मासा आता या बांधावरून जायचा नाय. पाच घरं पुढं बी आम्ही सांगून ठेवलाय."

"पुढच्या गावात?"

"तिथे बी. माझी नणंद दिलीय तिथे."

हिरामणने शेवटची फट बुजवली, हात फळीला पुसले आणि मागे सरून बघितलं. पाणी आणखी बोटभर चढलं आणि थांबलं. भरती पुरी झाली होती. तलावाचा तळ कोरडाच होता, फक्त फळीच्या पायाशी चुन्यावर एक ओला डाग पडला होता, आणि हिरामण तिथे उकिडवा बसून त्या डागाचा वास घेत होता.